कोपरा नसलेलं पोस्टकार्ड

वही, सोमवार, ८ ऑगस्ट १९८३. गाव आंजी मोठी. नत्थूजी, जबड्याचा कॅन्सर, दवाखान्यातून घरी पाठवलेले. जखम धुतली, पट्टी बदलली. दुखण्याचं औषध दर चार तासांनी. रुग्ण शांत.

वहीत न लिहिलेलं, सोमवार: रुग्ण अजिबात शांत नव्हता. गावची आरोग्यसेविका देवकाबाई पट्टी बांधत होती, आणि नत्थूजी तिच्याकडून पत्र लिहून मागत होते. धाकटा भाऊ वासुदेवराव समुद्रपूरला. पोळ्याच्या तोरणाखाली कोणाची बैलजोडी पुढे, यावरून अकरा वर्षं अबोला. आजार कळवायला दोन पत्रं गेली होती. उत्तर नाही. नत्थूजींना मरायच्या आधी तो एकदा समोर बसलेला हवा होता. बाकी काही नको.

मरणार हे त्यांना माहीत होतं. बायको शकुबाईला वाटायचं, त्यांना माहीत नाही. देवकाबाईला दोघांनीही गप्प राहायची शपथ घातलेली.

देवकाबाईनं लिहिलं: प्रकृती ठीक, भेटून जाणे.

"आता कोपरा फाड," नत्थूजी म्हणाले.

मयताच्या पत्राचा कोपरा फाडतात. तसं पत्र कोणी घरात नेत नाही, पुरतं वाचतही नाही. फाडून फेकतात आणि आंघोळीला जातात.

"जित्या माणसाचा? माह्या हातून होणार नाई."

"मंग तो येणार नाई."

तिनं अख्खं कार्ड शकुबाईच्या हाती दिलं. पेटीत टाकजो म्हणाली.

वही, मंगळवार. जखम धुतली.
वही, बुधवार. जखम धुतली. दुखायची वाट न पाहता औषध वेळेवर द्यावं, हे शकुबाईंना पुन्हा सांगितलं. त्या रात्रभर जाग्या असतात, दिवसा पेंगतात. दुपारची मात्रा चुकली.

वही, शुक्रवार. पाहुणे आले.

(एवढंच लिहिलं आहे. पुढचं लिहिताना पेन थरथरलं असणार. हसून.)

दुपारच्या बसमधून वासुदेवराव उतरले ते गुळगुळीत डोक्यानं. मिशीसुद्धा नाही. फाटका कोपरा दिसताच पत्र न वाचता फेकलं होतं; कधी गेले ते ठाऊक नाही, दहावं होऊनही गेलं असेल, या हिशेबानं त्यांनी समुद्रपुरातच केस उतरवले होते. फाटकापासून रडत आले. अंगणात बाजेवर नत्थूजी बसले होते, वाटीतली पेज पीत.

रडणं मध्येच तुटलं.

"दादा, तू मेला नाई?"

"जमलं नाई अजून. बस. महिन्याभरात करतो."

शकुबाईच्या हातातला तांब्या खाली आला. म्हणजे यांना ठाऊक होतं तर. दीड महिना ती उष्णतेची गाठ म्हणून सांगत होती आणि हे मान हलवत होते.

नत्थूजी भावाचं डोकं न्याहाळत राहिले. तोंड पुरतं उघडत नव्हतं, तरी पट्टीच्या आत काहीतरी हललं. हसू होतं. देवकाबाईला पट्टी पुन्हा बांधावी लागली.

तिनं शकुबाईला कोपऱ्यात घेतलं. देवाशपथ, मी कोपरा फाडला नव्हता, म्हणाली.

शकुबाई चुलीकडे बघत बोलली. "दोन पत्रं अख्खी गेलती. अख्ख्या पत्राले तो येते काय?"

वासुदेवराव तावातावानं निघायला उठले. पण तेराव्यापर्यंत येत नाही, असं घरी सांगून आले होते. या डोक्यानं आज परत गेले तर गावाला काय सांगणार? देवकाबाईला त्यांचे रिकामे हात दिसले. तिनं त्या हातांना साबण लावायला सांगितला.

वही, शनिवार. वासुदेवरावांना पट्टी शिकवली. पहिल्यांदा वास सोसवला नाही, बाहेर जाऊन आले. दुसऱ्यांदा नीट. शकुबाई दुपारभर झोपल्या.

त्यानंतर एकही मात्रा चुकली नाही. दोघं भाऊ दिवसभर त्या बैलांवरून भांडत. नत्थूजींना बोलता येईना तेव्हा बोटांनी भांडत. तेरा दिवस उलटले, वासुदेवराव गेले नाहीत.

वही, बुधवार, ७ सप्टेंबर. नत्थूजी सकाळी गेले. दुखणं नव्हतं. पोळ्याचा दिवस.

दहाव्याला न्हाव्यानं वासुदेवरावांच्या डोक्यावर हात फिरवला. बोटभरही केस नव्हते.

"हे तर आधीच झालं आहे, मालक."

"तेव्हा घाई झालती," वासुदेवराव म्हणाले, आणि मान खाली घातली. "आता नीट कर."