कारणाच्या रकान्यातला शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे. लाकडी मूठ, झिजलेली कड आणि अंगावर कोरलेले दोनच शब्द: 'किरकोळ वाद'. मित्रांनो, जन्मभर तेच दोन शब्द बोलायची पाळी आली, तर तुम्हीही माझ्यासारखेच वैतागाल.

पुण्यातल्या एका पोलीस चौकीतल्या रावसाहेब हवालदारांनी मला पेठेतल्या दुकानातून करून घेतले. त्यांच्या तक्रारवहीत 'कारण' नावाचा रकाना होता. भांडण कशावरून झाले, कोण काय बोलले, ते तिथे लिहायचे. रावसाहेबांचा हात दुखायचा आणि कंटाळाही यायचा, म्हणून मी आलो. माणूस वाईट नव्हता, पण कंटाळलेल्या माणसाच्या हाती शिक्का देऊ नये, हे मला फार उशिरा कळले.

सुरुवातीला माझे भारी कौतुक झाले. "काय झटपट काम हाय!" म्हणत रावसाहेब मला शाईत बुडवायचे. नळावरचे भांडण, ठप्प. पार्किंगचे भांडण, ठप्प. एका फळवाल्याची गाडी आधी त्याचे नाव विचारून मग उलटवली, तरी ठप्प. ईशान्येकडून शिकायला आलेल्या दोन मुलींना भर रस्त्यात चेहऱ्यावरून नको ते बोलले, तरी ठप्प. अहो, नाव विचारून गाडी उलटवणे आणि नळावर हंडा पुढे सारणे एकच का? पण मी ओरडणार कसा? दर वर्षी वरून विचारणा व्हायची, की जात, धर्म, प्रांत यांच्या द्वेषातून किती गुन्हे घडले? रावसाहेब वही चाळायचे. पानोपानी मीच दिसायचो, आणि वर उत्तर जायचे, 'निरंक'. म्हणजे एकही नाही! कागदावर आमचा भाग इतका गुण्यागोविंदाने नांदत होता, की मला माझीच लाज वाटायची.

मग दीपमाला आली. मूळची भंडाऱ्याची, सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. तिने खिडकीत बाबासाहेबांची तसबीर लावली होती. ती पाहून मोटारसायकलवरचे दोघे जण जातीवरून शिव्या द्यायचे. एकदा त्यांनी दारावर काळे ऑइल ओतले, ठप्प. पुढच्या आठवड्यात खिडकीची काच फोडली, ठप्प.

"साहेब, किरकोळ नाही हो हे," ती म्हणाली. "घरमालक खोली सोडा म्हणतात. परीक्षा दोन महिन्यांवर आली. आता मी कुठे जाऊ?"

"बघतो ताई," रावसाहेब म्हणाले. बघितले काहीच नाही.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा सोबत तिची अभ्यासिका चालवणाऱ्या पूर्णिमाताई होत्या. अभ्यासिकेतल्या मुलामुलींना कोणी त्रास दिला, की त्या तारीख, वेळ आणि त्रास देणाऱ्याच्या तोंडचे शब्द एका वहीत जसेच्या तसे लिहून ठेवायच्या. चौकीत नव्याने आलेल्या फौजदार अस्मिता मॅडमनी ती वही आमच्या तक्रारवहीशेजारी उघडली. आमचे पान पाहून पूर्णिमाताईंनी चष्मा वर केला.

"अहो हवालदार, या रकान्यात शिक्का आहे. कारण कुठे ठेवलंत आपण?"

रावसाहेब खाली बघत राहिले. मीही बघितले असते, पण मला मानच नाही.

मॅडम तारखा जुळवत गेल्या. ऑइल ओतले त्या दिवशी दीपमालाने गाडीच्या नंबरातले दोन आकडे सांगितले होते. रावसाहेबांनी खरडलेले ते आकडे माझ्या शाईखाली कसेबसे दिसत होते. उरलेले दोन पूर्णिमाताईंच्या वहीत होते, त्याच दोघांनी त्रास दिलेल्या दुसऱ्या एका मुलाने सांगितलेले. दोन वह्यांमध्ये चार पावलांचेही अंतर उरले नाही, तेव्हा कुठे पुरता नंबर झाला! इतकी वर्षे त्या वह्या एकमेकींपासून दोन गल्ल्या लांब होत्या. चार दिवसांत ते दोघे पकडले गेले. दीपमालाची तक्रार रावसाहेबांनीच पुन्हा लिहिली, तिच्या शब्दांत, पानभर. मॅडम घरमालकांशी बोलल्या आणि दीपमालाची खोली राहिली.

दर महिन्याला दोन्ही वह्या एका टेबलावर उघडायच्या, असे ठरले. मला खणात टाकले. मला खरेच हायसे वाटले.

पण मॅडमनी रावसाहेबांना आणखी एक काम दिले. माझा ठप्पा बसलेल्या प्रत्येकाला फोन करून खरे कारण विचारायचे. खण अर्धा उघडा होता, म्हणून मला सगळे दिसले आणि ऐकूही आले. त्यांनी ईशान्येकडच्या त्या दोन मुलींपैकी एकीला फोन लावला.

"बेटी, उस दिन वो लोग क्या बोले थे?"



"सर, हम दोनों तो कब का पुणे छोड़ के चले गए. आप अभी पूछ रहे हो?"

रावसाहेबांनी फोन ठेवला. मग कारणाच्या रकान्यात, माझ्या पुसट ठशाखाली, तिचे ते वाक्य हळूहळू लिहून काढले.

मित्रांनो, दुखावलेला माणूस काही सांगू लागला, तर पुरते ऐकून घ्या आणि त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, तो गाव सोडून जाण्याआधी. आणि कृपा करून मला या खणातून बाहेर काढू नका. मी काय बोलेन, ते तुम्हाला ठाऊकच आहे.