लाखेवरचा अंगठा

घाटनांदूरचे मोहनराव देशमुख रामेश्वर करून आले, म्हणून दारात मावंद्याचा मांडव पडला होता. आधी यात्रेकरूचे पाय धुवायचे, मग पंगत.

त्यांच्या बायकोला, सुंदरबाईंना, मात्र कौतुक गडूचं. बाईंच्या आईनं, छबुबाईनं, काशीहून तांब्याच्या गडूत गंगा आणली होती, तोंडाला लाख लावून, वर अंगठा दाबून. ती रामेश्वराच्या पिंडीवर घातली की यात्रा पुरी. म्हातारी त्याआधीच गेली. नऊ वर्षं सुंदरबाईंनी तो गडू देवघरात जपला. स्वतः न्यावा असं फार मनात होतं. पण "बायामाणसाला समुद्राचा वारा सोसत न्हाई," म्हणून मोहनरावांनी विषय मिटवला आणि गडू स्वतःच्या ट्रंकेत घातला. मग ते येईस्तोवर दोन महिने बाई एकवेळ जेवल्या.

आल्या आल्या मोहनराव म्हणाले होते, "पिंडीवर धार धरली, अन् तुजी आई डोळ्यापुढं हुबी ऱ्हायली बघ." सुंदरबाई ढसाढसा रडल्या होत्या.

मावंद्याच्या सकाळी धोतर काढायला त्यांनी नवऱ्याची ट्रंक उघडली. तळाशी गडू. लाख शाबूत, लाखेवर आईच्या अंगठ्याचा ठसाही शाबूत.

त्यांनी सोबत गेलेल्या दिराला, उत्तरेश्वरला गाठलं. "खरं सांगा, भावजी."

तो आधी चाचरला, पण एकदा सुरू झाल्यावर आवरेना. "रामेश्वर ऱ्हायलंच, वहिनी. दादा म्हणले, आगुदर सिलोनचं बेट बघू. समुद्राकाठी सायबी हाटेल. जिकडंतिकडं हिरवंगार, नारळीच नारळी, बर्फाचं सरबत. गादी तर अशी, उठूच वाटंना! चार दिसाचा महिना कवा झाला, कळलंच न्हाई."

"माजी आई आठवली का तितं?"

उत्तरेश्वर पंगतीच्या पत्रावळी मोजायला निघून गेला.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मौज केली ती केली, वर मेलेल्या आईला खोट्याच्या साक्षीला उभं केलं!

मांडवात मोहनराव पाटावर पाय पुढं करून ऐटीत बसले. सुंदरबाईंनी शेजारी दुसरा पाट मांडला आणि त्यावर गडू ठेवला. म्हाताऱ्या बायांनी लाख पाहिली आणि तोंडाला पदर लावले. न फुटलेल्या लाखेचा अर्थ कुणाला सांगावा लागत नव्हता.

"ह्ये काय गं?" मोहनराव पुटपुटले.

सुंदरबाईंनी गडूवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. "ह्ये अन् ह्यो गडू, दोघं निगालते रामेश्वराला. खोटं न बोलणारा येकच परत आला. त्येचे पाय धुते. अन् पुढच्या खेपेला त्येला मीच नेणार."

त्यांनी गडू पदराखाली घेतला आणि त्या आत गेल्या. मोहनरावांचे पाय कोरडेच राहिले.