पेलसाहेबांनी चाखलेली वाळू

मित्रांनो, मी एक जुना शिशाचा ओळंबा आहे. दोरीला बांधून मला समुद्रात सोडतात आणि पाणी किती खोल ते मोजतात. माझ्या बुडाला एक खळगा आहे. त्यात चरबी भरली की तळाची वाळू, शिंपले, चिखल तिला चिकटून वर येतात आणि जहाज कुठे आहे ते जाणत्याला कळतं.

प्लिमथच्या गोदीत माझा जन्म झाला आणि मी ॲम्ब्रोझ पेल यांच्या जहाजावर आलो. तेव्हा ते नवे लेफ्टनंट होते. बावीस वर्षांनंतरही लेफ्टनंटच होते. वजन वाढलं होतं, पण पोटाचं. तळाची वाळू जिभेवर ठेवून ते जागा ओळखत. बाकीचे अधिकारी त्यांना हसत, पण धुकं पडलं की त्यांनाच हाका मारत.

शेवटी कॅप्टन हारकम यांनी त्यांच्या बढतीचं शिफारसपत्र लिहिलं. सही तेवढी बंदरात पोचल्यावर व्हायची होती आणि नेमकं त्याच सकाळी दाट धुकं उतरलं.

जेथ्रो नावाच्या खलाशाने मला फेकून वर ओढलं. खळग्यात पांढरी वाळू!

"पांढरी वाळू म्हणजे बंदराचं तोंड आलं! चला पुढे!" कॅप्टन खुशीत म्हणाले.

पेलसाहेबांनी बोट लावून चाखलं. "थांबा साहेब. हिला डांबराची चव आहे."

"न्याहारी कमी पडली का, पेल? सही अजून व्हायचीय, विसरू नका!"

पेलसाहेब जेथ्रोकडे वळले. "जेथ्रो, चरबी भरून ओळंबा कुठे ठेवला होतास?"

"इथेच डेकवर, साहेब. नुकतं घासून झालं होतं ना."

रोज सकाळी वाळूने डेक घासायचा आमचा रिवाज. माझ्या चरबीने तीच, फळ्यांच्या फटींतलं डांबर लागलेली वाळू उचलली होती!

"लेका, तू समुद्राचा नाही, आपल्याच डेकचा तळ मोजलास! नवी चरबी भर."

मी पुन्हा बुडी मारली. वर आलो तेव्हा चरबीवर वाळूचा कण नव्हता, नुसते खडकाचे ओरखडे.

"जहाज वळवा!" कॅप्टन किंचाळले.

थोड्या वेळाने धुकं विरळ झालं. आम्ही जिथे निघालो होतो तिथे काळे सुळके फेसाळत होते. खलाशांनी टोप्या उडवल्या. कॅप्टननी पिंपावर पत्र ठेवून तिथेच सही ठोकली आणि विचारलं, "शाई चाखून बघता का, पेल?"

आज कॅप्टन पेल यांच्या घरी मी दाराला टेकण म्हणून बसतो. त्यांची लेक मला रोज पुसते. मित्रांनो, तुम्हीही मला जपा. पण पाण्यात सोडण्याआधी माझं बूड जरूर बघा. तिथे आधीच जे चिकटलेलं असेल, तेच मी समुद्राचं म्हणून वर आणीन.