धाप लागणारं यान

धाकट्याचा सिनेमा वाईट होता, हे आधीच सांगून टाकते. तो माझा सख्खा भाऊ, शिवाय संकलन माझं, त्यामुळे कौतुक करायचा हक्क मला आहे. पण खोटं बोलायचं तरी किती? त्यातली बाई अंतराळात तरंगते आणि तिचे केस मात्र शहाण्यासारखे खाली लोंबतात. एका प्रसंगात तर ती चालत्या यानाची खिडकी उघडते. मी कपाळावर हात मारून घेतला, तेव्हा धाकटा म्हणाला, "ताई, जीव घुसमटला की माणूस आधी खिडकीच उघडतो."

थोडंच चित्रीकरण उरलं असताना तो गेला. फुप्फुसांनी त्याला लहानपणापासूनच दगा दिला होता. निर्मात्याने दुसरा दिग्दर्शक आणला आणि आम्ही आपसात त्याला 'दुसरा'च म्हणू लागलो. त्याचा राग राग करायचा हे मी ठरवूनच टाकलं होतं, पण पठ्ठ्या भला माणूस निघाला. धाकट्याच्या खुर्चीत न बसता त्याने कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं. खिडकीचा प्रसंग काढला, केसांचे प्रसंग नव्याने घेतले, उरलेलं चित्रीकरण उरकलं. सिनेमा दिवसेंदिवस सुधारत गेला आणि दर सुधारणेला मला रडू यायचं.

अडलं ते आवाजावर. सिनेमाभर त्या एकट्या बाईशी तिचं यान बोलत असतं. चित्रीकरण चालू असताना यानाची वाक्यं धाकटा स्वतः कॅमेऱ्यामागून म्हणायचा, तिला उत्तर द्यायला सोपं जावं म्हणून. तो कच्चा आवाज. पुढे चांगला नट बोलावून तो नव्याने भरायचा, अशी आमच्याकडची रीत. नट मिळायच्या आधीच धाकटा गेला, आणि आईला मात्र तो सांगून बसला होता, "आई, यान म्हणजे मीच!" आईने ते जिन्यात भेटेल त्याला ऐकवलं होतं. तिला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. तिला पडद्यावर मुलाचा आवाज ऐकायचा होता, बस्स.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," दुसरा म्हणाला, "पण यंत्राला धाप लागते का हो?"

लागत होती खरी. "दरवाजा... उघडू... नको," असं ते यान बोलायचं. मोजक्या लोकांना बोलावून सिनेमा दाखवला, तेव्हा अशा प्रत्येक जागी हशा पिकला. मी मागच्या रांगेत होते. एकेकाच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, पण त्यांचं तरी काय चुकलं होतं?

"आवाज त्याचाच राहील," मी दुसऱ्याला म्हणाले. "धाप मी काढते."

"जमेल?"

"जमवते."

आणि जमवलं. वाक्यातला एकेक श्वास शोधायचा, कापायचा, दोन्हीकडचे शब्द जवळ आणून सांधायचे. शब्दाआधीची घरघर, मध्येच गिळलेला आवंढा, ओठ मिटल्याचा बारीकसा आवाज, सगळं मी वेचून काढलं. तो जिवंत असताना इतक्या जवळून मी त्याला कधी ऐकलंच नव्हतं. हॉस्पिटलात आत एकालाच सोडायचे आणि आत आई असायची.

दुसऱ्याने सगळं ऐकून हेडफोन काढला. "ताई, हात जोडले तुम्हाला. हाच आवाज राहणार." मी जिंकले होते. तिथूनच आईला फोन लावला आणि बोलावून घेतलं.

ठेवणीतले कपडे घालून आई आली. संकलनाच्या खोलीत अंधार असतो, ती चाचपडत येऊन खुर्चीत बसली, चष्मा पुसला. मी यानाचे सगळे प्रसंग ओळीने लावले. ती मन लावून ऐकत होती, मध्येच मानही डोलवत होती. संपल्यावर म्हणाली, "चांगला बोलतोय गं. कोण आहे हा?"

"आई, धाकटाच की."

"काहीतरीच काय! हा तर कुठे थांबतच नाही."

मग मी तिला सगळं सांगितलं, लोकांचा हशा, माझी कापाकापी. "तू म्हणशील तर पहिल्यासारखं करते," मी म्हणाले. "भांडेन मी त्यांच्याशी."

"नको," ती म्हणाली. "हसतील त्याला. हेच असू दे." मग चष्मा सावरत, "तुझ्याकडे पहिलं आहे का गं ते? मला एकटीला ऐकव."

होतं. मी लावलं. "दरवाजा..." धाकटा म्हणाला आणि अडकला. आई खुर्चीत पुढे सरकली. तो अडकला की तिचाही श्वास अडायचा, त्याला पुढचा शब्द सापडला की तिचाही सुटायचा. मला ते बघवेना, म्हणून मी पडद्याकडेच बघत बसले. वाक्य कसंबसं संपलं. पुढे नुसती घरघर होती, ती आईला कशाला ऐकवायची? मी बंद करायला हात पुढे केला.

आईने तो धरला.

"थांब की जरा," ती म्हणाली. "त्याला दम तर घेऊ दे."