जागचा न हललेला आकडा

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढा मी एक जुना सर्व्हर. एका धुलाई कारखान्यात, बॉयलरच्या खोलीतल्या भिंतीवर, धुळीने माखून लटकलेला असतो. अंगाने लहान आणि स्वभावाने भित्रा. भित्रा का झालो, तेच सांगतो.

कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या ताईने मला उभं केलं. तिने माझ्यात एक इवलंसं कार्ड बसवलं, त्यावर एक फोल्डर केलं आणि मला बजावलं, "यातली जी फाईल कोणी मागेल, ती जशीच्या तशी द्यायची. आपली अक्कल पाजळायची नाही." बॉयलरवरचा सेन्सर वाफेचा दाब मोजायचा आणि तो आकडा फाईलमध्ये लिहिला जायचा. मी फक्त वाढपी.

बॉयलर सांभाळायचे ते ताईचे बाबा. पूर्वी ते घडीघडी उठून या तापलेल्या खोलीत येत, काटा बघत आणि घाम पुसत परत जात. आता शेजारच्या केबिनमध्ये बसल्या जागी पडद्यावर आकडा दिसू लागला. "लेकीने माझे गुडघे वाचवले," असं ते येईल त्याला सांगत. ते ऐकून मी सुखावून जाई. हळूहळू त्यांनी आत येणं सोडूनच दिलं.

एका दुपारी उष्णतेने सेन्सरची तार निसटली. फाईलमध्ये नवा आकडा येईना, जुना तसाच राहिला. पडद्याने मागितला की मी तोच देत होतो. फाईल शेवटची कधी बदलली, ती वेळही मी दर खेपेला सोबत पाठवत होतो. पण ती पडद्यावर दिसत नव्हती, त्यामुळे कोणी वाचत नव्हतं. इकडे बॉयलरचा काटा लाल पट्ट्यात शिरला. जादा वाफ सोडणारी झडप अडकून बसली होती. पाइप थरथरू लागले, माझा खिळा भिंतीत हलू लागला. माझी बोबडी वळली. एक भिंत ओलांडून बाबा निवांत बसले होते आणि मी त्यांना सांगत होतो, सगळं ठीक आहे. पडदा पुन्हा मागायचा, मी पुन्हा द्यायचो. फाईलमधलं एक अक्षर बदलण्याची ताकद माझ्यात नव्हती.

तेवढ्यात केबिनमधून ताईचा आवाज आला. "काय बाबा, कसं चाललंय?"

"एकदम झकास! आकडा बघ, जेवल्यापासून जागचा हललेला नाही."

ती किंचाळली, "अहो, दाब कधी असा गप्प बसतो का? आग बंद करा!"

दोघं दाराशी धावत आली. बाबांनी तिला मागे ढकललं, "तू बाहेर थांब!" आणि ते एकटेच आत शिरले. त्यांनी इंधनाचा नळ फिरवून बंद केला. काटा खाली येईपर्यंत ताई दाराची चौकट धरून रडत होती.

आता पडद्यावर आकड्याच्या वर तो केव्हाचा आहे ती वेळही मोठ्या अक्षरांत येते. बाबा पुन्हा घडीघडी आत येऊ लागले. माझ्याकडे ते ढुंकूनही बघत नसत, पण त्यांची पावलं वाजली की माझ्या जिवात जीव येई.

परवा बाबा निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेला माणूस केबिनमध्ये पाय पसरून म्हणाला, "पडदा आहे की! आत कशाला मरायला जायचं?" तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला आहे. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्यापैकी कोणी त्याच्या ओळखीचं असेल, तर त्याला एवढं सांगा: ऊठ बाबा, आणि स्वतःच्या डोळ्यांनी काटा बघून ये.