चार बोटं वाकडी दोरी

मी एक फळी बोलतेय. जरा हळू वाचा, मला मोठ्या आवाजाची धास्ती आहे.

जिचा जन्मच आपटण्यासाठी झाला, तिनं असं भित्रं असू नये, हे मलाही कळतं. पण स्वभावाला औषध नाही. दार वाजलं तरी माझ्या अंगातले रेषे उभे राहतात.

बाल्कन डोंगरातल्या बीच नावाच्या एका झाडाची मी लेक. कामेन्दोल गावाबाहेरच्या छावणीतल्या सुतारानं एकाच ओंडक्यातून आम्हा दोघी बहिणींना कापलं. लांबी हातभर, रुंदी वीतभर आणि पाठीवर धरायला मूठ. रंधा मारून झाल्यावर आमच्याकडे बघत तो म्हणाला, "या दोघींइतकं सरळ या छावणीत दुसरं काही नाही." मला ते कौतुक वाटलं. ती तक्रार होती, हे फार उशिरा कळलं.

आमचं काम ऐकून तुम्ही हसाल. सैन्यात पलंगावरचं ब्लँकेट नुसतं पसरून चालत नाही. त्याची कड साबणाच्या नव्या वडीसारखी धारदार हवी. आता गवत भरलेल्या गादीला धार कुठून येणार? म्हणून शिपायानं एक फळी वरून धरायची, दुसरी बाजूनं, आणि दोन्हींनी गादीला बडवत जायचं. फट्, फट्, फट्. रोज सकाळी चोवीस पलंग आणि चोवीस जोड्या. पहिल्या आठवड्यात प्रत्येक फटक्याला मी डोळे मिटून घेत असे. नंतर डोळे उघडे ठेवून घाबरायला शिकले.

नव्या भरतीच्या पोरांना तिथे 'ससे' म्हणत. सकाळी सहाला सार्जंट बच्वारोव दारात उभा राहून काडी ओढायचा आणि ओरडायचा, "उठा, सशांनो! काडी विझायच्या आत बुटात दिसले पाहिजेत सगळे!" काडी त्याच्या बोटापर्यंत जळत यायची. एखाद्याची नाडी राहिली की सगळ्यांनी पुन्हा कपडे उतरवून पांघरुणात शिरायचं आणि नवी काडी. एकदा काडेपेटी संपेपर्यंत हे चाललं. त्या दिवशी नाश्ता झाला नाही, पण सगळ्यांना झोपायचा सराव उत्तम झाला.

मग पलंग. मग कपाटातले दात घासायचे ब्रश, सगळे डावीकडे झुकलेले. मग पटांगणात गाणं म्हणत चालणं, पुन्हा चालणं, कारण गाणं पायाच्या आधी संपलं. दुपारी घेवड्याचं सूप. दिवसभर पलंगावर बसायची कुणाची छाती नव्हती. ज्यासाठी एवढं रक्त आटवलं त्यावर बसणार कोण? पोरं पलंगाशेजारी स्टुलावर बसून पलंगाकडे बघत राहायची, जशी आई झोपलेल्या बाळाकडे बघते. फक्त इथे बाळ उठलं तर शिक्षा होती.

मी नायदेनच्या वाट्याला आले. चोविसावा पलंग, अगदी शेवटचा. नायदेन डोंगराकडचा गवंडी. बाप गवंडी, आजा गवंडी. बोलणं कमी, हात मोठे. मला धरायचा तेव्हा मूठ घट्ट पण मनगट सैल. बडवतानाही दुखवायचा नाही. त्याच्या आणि पहिल्या पलंगावरच्या मेतोदीच्या गप्पा मात्र बराकीच्या दोन टोकांवरून चालायच्या. मेतोदी शहरातला, उंच आणि तोंडाळ.

नायदेनला रजा हवी होती. शपथविधी शनिवारी होता आणि त्याचं लग्न रविवारी. तारीख भरतीची चिठ्ठी यायच्या आधीच धरलेली. दोनशे माणसं, बँड आणि कोकरं ठरलेली होती. त्याच्या नवरीचं, दोनकाचं पत्र मेतोदीनं सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं: "तू आला नाहीस तर मी लग्न पुढे ढकलणार नाही. बाबा म्हणतात, वऱ्हाड जेवायला येणार ते येणारच, मग नवरा कुणी का असेना."

"बघ बाबा," मेतोदी म्हणाला, "मला रजा मिळाली तर मी जातो. कोकरू मला आवडतं."

शपथेनंतर तीन दिवसांची रजा फक्त दहा जणांना मिळणार होती, ज्यांची कड सगळ्यात धारदार असेल त्यांना.

आणि इथेच दोरीचा घोळ झाला.

सगळे पलंग एका ओळीत दिसावेत म्हणून सार्जंट पहिल्या पलंगापासून शेवटच्यापर्यंत एक दोरी ताणून बांधायचा. प्रत्येक गादीची कड त्या दोरीला टेकली पाहिजे, ना वर ना खाली. ऑक्टोबरात दोन्हीकडचे जुने खिळे निखळले. सार्जंटनं जिथे गिलावा धरेल तिथे नवे ठोकले. मेतोदीकडचा दोन बोटं खाली गेला आणि नायदेनकडचा दोन बोटं वर.

नायदेननं दोरीकडे एकदा बघितलं आणि त्याचा चेहरा दात दुखल्यासारखा झाला.

"मेतोदी, दोरी चढलीये. चार बोटं."

"गप रे. तुला रजा पाहिजे ना?"

"पण वाकडी आहे."

"सार्जंटची आहे म्हणजे सरळ आहे. तू बडव."

दोरीला टेकायचं तर गाद्यांची उंची बदलायला हवी. मग मेतोदीच्या गादीतलं गवत काढून एकेका पलंगावरून पुढे सरकवत नायदेनच्या गादीत भरण्यात आलं. मेतोदीच्या अंगाखाली गादीचं फक्त नाव उरलं. नायदेनची गादी मात्र डोहाळजेवणाला बसल्यासारखी फुगली. अशा गोल पोटाला धार आणायची म्हणजे काय गंमत आहे? पण त्यानं आणली. पंधरा दिवस आम्ही दोघी बहिणी इतक्या आपटलो की माझ्या कडेचा एक टवका उडाला. बुधवारी दारावर दहा नावांची यादी लागली. सातवं नाव नायदेनचं. मी जन्मात पहिल्यांदा न घाबरता एक अख्खी दुपार काढली.

त्याच संध्याकाळी कर्नल गेन्चेव पाहणीला आले.

दारात उभं राहून त्यांनी पलंगांकडे पाहिलं, मग खिडक्यांकडे, मग पुन्हा पलंगांकडे. भिंतीवरचा हिरवा पट्टा एकीकडे चालला होता आणि पलंग दुसरीकडे. कर्नलनी मान थोडी कलती केली.

"सार्जंट, हे काय आहे?"

"कॉम्रेड कर्नल, दोरी ताणलेली आहे!"

कर्नलनी दोरीला बोट लावलं. दोरी वीणेसारखी वाजली. ताणलेली दोरी वाकडी कशी असेल? कर्नल विचारात पडले आणि मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे बराक खचलीये! शपथेच्या आत सरळ करा."

बराक सरळ करणं दोन दिवसांत कसं जमावं? सार्जंट मात्र डगमगला नाही. त्यानं आधी वीस पोरं बाहेरून भिंतीला लावली. "खांदा द्या! एक, दोन, हुश्श!" भिंत हलली नाही, पण पोरं अर्धा हात मागे सरकली, म्हणून सार्जंटला वाटलं की फरक पडतोय. मग त्यानं हिरवा पट्टा पुन्हा रंगवला, दोरीच्या रेषेत. पुढाऱ्यांची तसबीर दोरीच्या रेषेत कलती केली. जेवायच्या लांब मेजाचे मेतोदीकडचे पाय कापले. पलंगांसमोर उभं राहतानाही डोक्यांची रेषा दोरीसारखी हवी, म्हणून बुटके मेतोदीच्या टोकाला आणि उंच नायदेनकडे. मेतोदी उंच होता, पण पलंग पहिला. तो गुडघे वाकवून उभा राहिला.

गुरुवारी दुपारी कर्नल परत आले. सगळं बघून खूश झाले. एकच गोष्ट खटकली: खिडक्या. खिडक्यांना रंगवून कलतं करता येत नाही.

"गवंडी कोण आहे तुमच्यात?"

तेवीस जणांनी नायदेनकडे बघितलं. तो एक पाऊल पुढे आला. मी त्याच्या हातात होते.

"पहिल्या पलंगाच्या कोपऱ्याखालचा पाया चार बोटं उतरव. उद्या संध्याकाळपर्यंत."

नायदेन कोपऱ्याकडे बघत राहिला. त्या पायावर दगडी भिंत, भिंतीवर तुळया, तुळयांवर छप्पर, आणि छपराखाली चोवीस पोरं झोपणार. दारावरची यादी त्याच्या समोरच होती. मी मनात म्हणत होते, गप बस रे बाबा, हो म्हण, रविवार गाठ, पाया तुझ्याशिवाय कोण उतरवणार आहे?

"कॉम्रेड कर्नल," तो म्हणाला, "बराक सरळ आहे. दोरी वाकडी आहे."

मेतोदीचे गुडघे सरळ झाले. सार्जंटच्या तोंडातून हवा गेली. मी तर मला मूठ असूनही त्याच्या मुठीतून पडले असते.

"पुरावा?"

नायदेननं मेजावरची सूपची थाळी कर्नलसमोर सरकवली. सूप सगळं मेतोदीच्या बाजूला गोळा झालं होतं. घेवडे अर्धे कोरडे पडले होते.

कर्नलनी खाली वाकून बराच वेळ सूप निरखलं. "सूप पातळ आहे," ते म्हणाले. "आचाऱ्याला बोलवा."

मग नायदेनकडे वळले. "सरळ ते तुला वाकडं दिसतंय आणि वाकडं ते सरळ. एक तर तुझे डोळे बिघडलेत नाहीतर तुझी जीभ. उद्या शहरातल्या दवाखान्यात जा. डोळे बिघडले असतील तर रजा. चांगले असतील तर पंधरा दिवस कोठडी."

सार्जंटनं यादीतलं सातवं नाव खोडलं. त्याखाली मेतोदीचं लिहिलं.

"कोकराचं मी बघतो," मेतोदी पुटपुटला. पण नायदेन निघताना मेतोदीनंच मला त्याच्या कोटात खुपसलं. "ही घेऊन जा. तुझ्या बाजूनं साक्ष द्यायला कुणीतरी पाहिजे."

शुक्रवारी सकाळी आम्ही डॉक्टर ख्रानोवांच्या समोर बसलो. बाई पन्नाशीच्या, झोप अपुरी झालेल्या. त्यांनी नायदेनला अक्षरं वाचायला लावली. त्यानं तळाची ओळसुद्धा वाचली, तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. मग त्यानं सगळी हकिगत सांगितली आणि मला मेजावर ठेवलं. बाईंनी मला मेजाच्या काचेला टेकवून पाहिलं. फट कुठेच नव्हती.

"ही सरळ आहे," त्या म्हणाल्या. "आणि तुझे डोळे माझ्याहून चांगले आहेत."

नायदेनचा चेहरा उतरला. जो माणूस काल कर्नलपुढे खोटं बोलला नव्हता, तो आता खुर्चीतून उठून हात जोडायला लागला.

"डॉक्टरबाई, वाकडे लिहा ना. थोडे तरी. रविवारी माझं लग्न आहे."

"मी खोटं लिहीत नाही."

"मग गेलो मी."

"बस खाली," त्या म्हणाल्या, "मी अजून लिहिलेलं नाही." त्यांनी कागद ओढला आणि लिहीत असताना एकेक शब्द मोठ्यानं वाचला. "रुग्णाला सरळ ते सरळ दिसते. हा दोष जन्मजात असून औषधानं बरा होणार नाही. छावणीत राहिल्यास वाढण्याचा संभव. पाच दिवस घरी विश्रांती." खाली शिक्का मारला. "यातलं एक अक्षर खोटं आहे का? सांग."

नायदेननं तीनदा वाचलं. खोटं सापडलं नाही.

त्यानं दवाखान्यातूनच छावणीला फोन लावला. पलीकडून कर्नलनी त्याच्याकडून कागद पूर्ण वाचून घेतला आणि ते हळहळले. "जन्मजात! अरेरे. जा पोरा, जप स्वतःला."

म्हणून त्याचं लग्न आधी झालं आणि शपथ नंतर, पुढच्या गुरुवारी, रिकाम्या पटांगणात एकट्यानं. दोनका त्यावरून त्याला अजून डिवचते. "देशाच्या आधी मला शब्द दिलास, आता पहिला हक्क माझा." लग्नात मी स्वयंपाकघरात होते. कोकराचं मांस माझ्यावर कापलं गेलं. मी ओरडले नाही. सुरी फळीवर आपटते तेव्हा निदान ती कुणाला घाबरवायला आपटत नाही.

छावणीत परतताना तो मला घेऊन गेला नाही. माझी बहीण तिथेच राहिली. एकाच फळीनं कड येत नाही, तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही. पाया मात्र कुणी उतरवला नाही, कारण दुसरा गवंडी नव्हता आणि महिन्याभरात कर्नलना बढती मिळाली. मेतोदीनं पत्रात कळवलं होतं की बराक उभी आहे, दोरीही तशीच आहे, आणि त्याला आता गादीशिवायच चांगली झोप लागते.

या गोष्टीला चाळीस वर्षं झाली. मी नायदेनच्या घरी चुलीशेजारी टांगलेली असते. गिलावा करायला निघाला की तो मला काखोटीला मारतो. भिंतीवर फिरवतो, टेकवतो, फट दिसते का बघतो. गावात सगळे म्हणतात, नायदेनची भिंत म्हणजे भिंत.

आता एक गोष्ट सांगते, पण ती तुमच्या-माझ्यातच राहू द्या. चाळीस हिवाळे चुलीची ऊब खाऊन मी वाकले आहे. मध्ये थोडं पोट सुटलंय. गेल्या चार भिंती माझ्यासारख्याच किंचित पोट काढून उभ्या आहेत. नायदेनचे डोळे आता पूर्वीचे राहिले नाहीत. त्याला दिसत नाही. दोनकाला दिसतं. ती भिंतीकडे बघते, मग त्याच्याकडे बघते, आणि म्हणते, "सरळच आहे की."

तुम्ही कधी आमच्या गावाला आलात आणि त्यानं भिंत दाखवून विचारलं, तर कृपा करून तुम्हीही तेच म्हणा.