ढग आला की ड्रम

तर ही आपली बालवर्गाची ताई, सहा महिने कच्च्या नोकरीवर. आज पक्कं व्हायचं की परत मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसून दुसऱ्यांच्या पदव्यांच्या प्रती काढायच्या, याचा निकाल होता. निकाल लावणार कोण, तर मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्य. त्या मागे खुर्ची टाकून गोष्टीचा तास बघणार आणि कागदावर शेरा मारणार.

आणि ताईला नेमकं आजच शहाणपण सुचलं. म्हणे गोष्टीला वाद्यांची साथ द्यायची. वाद्यांची पेटी चार वर्षं कपाटात कुलूपबंद, कारण साहित्य वापरलं की खराब होतं, आणि मुलांना दिलं की ती मेली वापरतातच. ताईने किल्ली मागितली तेव्हा शाळेच्या मावशींनी असं पाहिलं, जणू कुणी त्यांची किडनी मागतंय.

"माझं काय जातंय," मावशी म्हणाल्या, "फक्त ड्रम ठमीला देऊ नका."

ताईने ड्रम ठमीला दिला. न देऊन सांगते कुणाला? ठमीचं वय चार, आवाज चाळिशीचा, बारमाही सर्दी आणि त्यामुळे कानांना कायम दडे.

ठरलं असं, की गोष्टीत 'पाऊस' आला की खुळखुळे, 'चांदणी' आली की ट्रँगल, 'बेडूक' आला की खाचांच्या नळीवर काडी घासायची, आणि 'ढग' आला की ड्रम. पुस्तकात अगदी असंच होतं, फोटोसकट. फोटोतली मुलं हसत होती. फोटोत आवाज येत नाही ना.

"एक होता ढग," ताईने सुरुवात केली.

धडाम. मोठ्या बाईंनी मान डोलावली.

"तो होता रुसलेला. मग तो—"

धडाम.

"ठमे, ढग आला की वाजवायचं."

"आला की."

"मी मग म्हणाले गं."

"तेच तर."

आता मराठीत 'मग' न म्हणता गोष्ट सांगून दाखवा बरं. ताईने तेही केलं. "त्यानंतर सदर मेघ डोंगराच्या दिशेने रवाना झाला." वर्ग दुपारच्या तहसील कचेरीसारखा पेंगायला लागला. ट्रँगलवाली आडवी झाली. मोठ्या बाईंचं पेन मात्र कागदावर भराभर चालू लागलं, आणि ताईला मामाचं दुकान दिसायला लागलं. टोनरच्या वासासकट.

तेव्हा तिने ठरवलं, बुडायचंच आहे तर वाजतगाजत बुडू.

"मग," ती म्हणाली. धडाम. "ऐकलंत? तो एक पाऊल जवळ आला. मग," धडाम, "अजून एक. खाली पानाखाली बेडूक."

खर्रर्र.

ट्रँगलवाली उठून बसली. बावीस पोरं गुडघ्यांवर पुढे सरकली. "मग?" कुणीतरी विचारलं, तर धडाम, आणि सगळी एकमेकांना चिकटली. ढग बेडकाच्या अगदी डोक्यावर. बेडकाने पानाबाहेर एक पाय काढला, वर पाहिलं, तोंड उघडलं—

मोठ्या बाई उभ्या राहिल्या. पेनाला टोपण लावलं. "पुरे. शाळा आहे ही, लग्नाचा मांडव नाही. मग ताई, तुम्ही ऑफिसात—"

धडाम.

"ही मला वाजवतेय का?"

"तुम्ही मग म्हणालात," ताई म्हणाली.

मोठ्या बाई दारापर्यंत गेल्या. थांबल्या. वळल्या. अगदी हळू, जणू एखादी फाइलच मागताहेत, म्हणाल्या, "तो बेडूक काय म्हणाला मग?"

खर्रर्र झालं, ड्रमही वाजला, पण या वेळी बाईंनी तिकडे पाहिलंही नाही.

ताईची जीभ सुटली. "ते सोमवारी सांगेन, बाई. सोमवारी मी असले तर."

बावीस तोंडं वळली मोठ्या बाईंकडे. रागाने नाही हं. बावीस पोरं काही न वाजवता नुसती बघत राहिली, हे जास्त वाईट. खुर्चीवर परत टेकत मोठ्या बाईंनी कागद मांडीवर घेतला, टोपण काढलं, आणि आधीच्या सगळ्या ओळींवर एक काट मारून खाली लिहिलं, 'गोष्ट अपुरी आहे. सबब ताईंना कायम करावे.'